चव्वेचाळीस तपासण्या, कागद शून्य

पंचगंगाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते. आज जरा वेगळं विचारायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) २२ वर्षं फेटलिंगला होते, १९९६ ते २०१८. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: साच्यातून कास्टिंग बाहेर काढलं की त्याला वाळू चिकटलेली असते, कडा वाढलेल्या असतात. त्या छिन्नीनं उडवायच्या, ग्राइंडरनं घासायच्या. बाबा घरी आले की आई त्यांना अंगणातच अडवायची, आधी शर्ट झटका, मग आत या. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीमागे करडी पूड. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा संध्याकाळी करडे होऊन येतात.

२०११ मध्ये टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. २०१५ मध्ये परत तेच. या दिवाळीपासून मात्र दुसऱ्या मजल्यावर येताना मध्ये दोनदा थांबायला लागले. यावेळी छातीच्या वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्सरे बघायच्या आधीच विचारलं, "काम काय करायचा?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. बाबा म्हणाले, फौंड्रीत. मग त्यांनी एक्सरे लावला, बराच वेळ बघितला आणि सिलिकोसिस म्हणाले, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार. औषधानं बरा होत नाही, धूळ सुटली तरी आत वाढत राहू शकतो. पुढे म्हणाले, "जुने एक्सरे आणा. किती वर्षांत किती सरकलंय ते कळेल."

घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तपासणी तर दर सहा म्हयन्याला व्हायची की. क्यांटीनमधी टेबल लावायचे. वजन, बीपी, छातीला नळी. येक वर्साआड एक्सऱ्याची गाडी यायची. फुग्यात फुकल्यागत एक मशीन पण हुतं." मग रिपोर्ट? "रिपोर्ट ऑफिसात. आपल्याला सही करायला सांगायचे, आपण करायचो."

२२ वर्षं, वर्षाला दोन. म्हणजे चव्वेचाळीस वेळा माझ्या बाबांची छाती कुणीतरी तपासली आणि घरात एकही कागद नाही. बाबा निष्काळजी नाहीत हो. त्यांच्या ट्रंकेत १९९८ची गॅस कनेक्शनची पावती आहे, माझं बालवाडीचं प्रगतीपुस्तक आहे. दिला असता तर तो कागद त्या ट्रंकेत असताच.

तर विचारायचं हे की ते जुने कागद आता मिळू शकतात का? आणि तुमच्याकडे, तुमच्या घरातल्यांकडे ही सक्तीची तपासणी नक्की कशी होते?

---

मुटके | ११ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, वाचून कसंतरी झालं. बाबांना जपा. आरटीआय टाका, सगळं बाहेर येतं.

---

भोसरीचा_बाप्या | ११ जानेवारी, रात्री १०:४०

खाजगी कंपनीला आरटीआय लागत नाही दादा.

पंचगंगाकाठ, मी नऊ वर्षं क्रोम प्लेटिंगच्या शॉपमध्ये होतो. आमच्याकडे पण कॅम्प व्हायचा. वजन, बीपी, साखर, आणि डोळ्यांसाठी तो अक्षरांचा तक्ता. क्रोमच्या टाकीवर जे वाफाळतं ते नाकात जातं आणि दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा खातं. दुखत नाही, हीच गंमत. आधी खपल्या धरतात, मग एक दिवस आरपार भोक. माझ्या जोडीदाराला श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली तेव्हा कळलं. आम्ही हसायचो, म्हणायचो याच्या नाकात वेसण घाला. नऊ वर्षांत एकाही डॉक्टरनं नाकात बॅटरी मारून बघितलं नाही. साखर मात्र दरवेळी बघितली.

---

डॉ_खोकला | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

मी कारखान्यांत डॉक्टर म्हणून काम केलंय, म्हणून हा प्रतिसाद थोडा कबुलीजबाबासारखा वाटेल.

बाप्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. तपासणी ही धोक्यानुसार असायला हवी. शिशाच्या बॅटरीच्या कारखान्यात रक्तातलं शिसं मोजायचं, प्रेसशॉपमध्ये कान, क्रोममध्ये नाक आणि कातडी, फौंड्रीत छातीचा एक्सरे आणि फुंकायची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. बीपी-साखर चांगलीच आहे, पण ती कुठल्याही माणसाची करतात. फेटलिंगवाल्याची साखर बघून घरी पाठवणं म्हणजे गळक्या छपराच्या घरात जाऊन दाराला रंग देणं.

आता कॅम्पचं गणित ऐका. मला एकदा सकाळी ९ ते दुपारी १ एवढ्या वेळात १४० जण 'उरकायला' सांगितलं होतं. २४० मिनिटं, १४० माणसं, मशीन एक. माणशी पावणेदोन मिनिटंसुद्धा नाहीत. स्पायरोमेट्रीत माणसाला नीट समजावून, नाकाला चिमटा लावून, जीव खाऊन किमान तीनदा फुंकायला लावावं लागतं आणि तिन्ही फुंका एकमेकींशी जुळाव्या लागतात. पावणेदोन मिनिटांत माणूस फक्त नळी तोंडात धरतो. कानाच्या चाचणीचं तेच. आदल्या रात्रीची पाळी करून आलेल्या माणसाचे कान तात्पुरते बधिर असतात. तो किमान १४-१५ तास आवाजापासून लांब असला पाहिजे, आणि चाचणी शांत खोलीत. आमची चाचणी भांडी घासण्याच्या मोरीशेजारी झाली होती.

सिलिकोसिसचा एक्सरे वाचायलाही शिकावं लागतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाणित फिल्म असतात, त्या शेजारी ठेवून बारीक ठिपके किती दाट आहेत ते ठरवतात. ठिपके बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात जास्त. टीबीलाही वरचाच भाग आवडतो. त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबी खरोखरच लवकर होतो. त्यामुळे ताई, तुमच्या बाबांना टीबी नव्हताच असं लगेच धरू नका, दोन्ही एकत्र असू शकतं. पण 'काम काय करता' हे न विचारता एक्सरे वाचला की हाताशी एकच नाव उरतं.

कबुली अशी की एका कारखान्यात मी अकरा जणांच्या फॉर्मवर 'छातीच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा' असं लिहिलं. मला कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी कॅम्पचं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं. त्यानंतर कुठे किती लिहायचं याचा हात आपोआप आखडतो. मला लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय.

---

मनुष्यबळ_मावशी | १२ जानेवारी, सकाळी ११:३०

एचआरमध्ये १७ वर्षं झाली, म्हणून दुसरी बाजू मांडते. रागावू नका.

तपासणीच्या दिवशी सगळ्यात जास्त रजा पडतात. माणसं पळतात. रक्त द्यायचं नाही, एक्सरे नको, "मला काय झालंय?" मास्क दिले तर ते गळ्यात, खिशात, गाडीच्या आरशाला. रिपोर्ट हातात दिले तर गेटबाहेर भेळेच्या कागदात सापडलेत, मी स्वतः उचललेत. आणि प्रत्येक डॉक्टर विकला गेलेला नसतो, प्रत्येक कंपनी चोर नसते. आम्ही ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे कानाच्या चाचणीसाठी, वेगळी खोली बांधून घेतली.

---

भोसरीचा_बाप्या | १२ जानेवारी, सकाळी ११:४८

मावशी, पळतात कारण 'अनफिट' शिक्का बसला की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. कायम कामगार असेल तर एकवेळ झाडू मारायला तरी ठेवतील. कंत्राटी असेल तर ठेकेदार नवीन पोरगा आणतो. मी स्वतः खोकला दाबून तपासणी दिलीय. अद्रक तोंडात धरून.

---

मनुष्यबळ_मावशी | १२ जानेवारी, दुपारी १२:१०

हे मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

निवृत्त_निरीक्षक | १२ जानेवारी, रात्री ८:२०

उशिरा आलो. बरीच वर्षं कारखाने पाहण्यातच गेली, आता नातवंडं पाहतो. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये झाली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियम १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांवर एक पूर्ण प्रकरण घालण्यात आलं, ४-अ. त्यातलं कलम ४१-क तुमच्या कामाचं. अपायकारक पदार्थांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक नोंदी मालकानं ठेवायच्या, आणि त्या *कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत*. हे मोडल्यास कलम ९६-अ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद होती. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात धोकादायक उद्योगांची यादी होती, त्यात फौंड्री नाव घेऊन होती, वाळूनं आणि शॉटनं (बारीक धातूच्या छर्ऱ्यांच्या माऱ्यानं) सफाई करण्याच्या कामासकट. म्हणजे "आमचा कारखाना त्यात मोडत नाही" हे त्यांना म्हणता येणार नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, त्यामुळे कुणी तुम्हाला "तो कायदा गेला" असं सांगेल. बाबांच्या नोकरीचा सगळा काळ जुन्याच कायद्यातला आहे. तसा स्पष्ट उल्लेख अर्जात करा.

अर्ज बाबांच्या सहीनं, कारखान्याच्या भोगवटादार (म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे तो) आणि व्यवस्थापक अशा दोघांच्या नावे. प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. संचालनालय सरकारी आहे, तिथे मात्र माहितीचा अधिकार चालतो, तेव्हा मुटक्यांचा सल्ला अगदीच वाया गेलेला नाही. त्या कारखान्याच्या तपासणीचे शेरे मागता येतील.

दुसरं, जे डॉक्टरांनाही फारसं माहीत नसतं. सिलिकोसिस हा अधिसूचित रोग आहे. ज्या डॉक्टरला कारखान्यातल्या कामगारात तो दिसतो, त्यानं लेखी कळवणं हे त्याचं कर्तव्य, मग तो कंपनीचा असो वा गल्लीतला. जुन्या कायद्यात कलम ८९. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती करा की त्यांनी कळवावं. कळवलंच नाही तर कागदावर महाराष्ट्रात कुणाला सिलिकोसिस होतच नाही असं दिसत राहतं.

तिसरं, बाबांचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) विमा क्रमांक शोधा. सिलिकोसिस आणि सिलिकोसिससह टीबी, दोन्ही त्यांच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. विमा असेल तर भरपाईचा दावा तिकडेच, १९२३च्या भरपाई कायद्याखाली वेगळा करता येत नाही. कमाईची क्षमता किती घटली ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. तिथे जुने कागद सोन्याच्या मोलाचे.

बाप्या म्हणतात त्या 'अनफिट'बद्दल. नियमात असं आहे की कारखान्याच्या डॉक्टरनं अपात्र ठरवलं तर कामगाराला निरीक्षकाकडे दाद मागता येते, मग प्रमाणक शल्यचिकित्सक, म्हणजे तपासणीसाठी सरकारनं नेमलेला डॉक्टर, बघतो, त्याचं मत अंतिम. आणि अपात्र म्हणजे *त्या प्रक्रियेसाठी* अपात्र. दुसरं काम देता येत असेल तर ते द्यायचं. माझ्या सगळ्या नोकरीत अशी दाद मागणारे कामगार मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. त्यातला एक माझ्यासमोर बसून म्हणाला होता, "साहेब, मला फिट करा. आजारी मी घरी पडीन."

अवांतर, पण मनात आहे म्हणून: धूळ मोजायचं सूत्र कायद्यातच दिलं होतं. धुळीत क्वार्ट्झ (वाळूतली सिलिका) किती टक्के ते काढा, त्यात २ मिळवा, १० ला त्यानं भागा. येईल तेवढे मिलिग्रॅम दर घनमीटरला चालतील. क्वार्ट्झ १८ टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम. हे मोजण्याचा पंप कारखान्यात बहुधा कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. हवा मोजली नाही म्हणजे ती माणसाच्या छातीनं मोजायची, आणि छातीतला काटा दहा-पंधरा वर्षांनी हलतो.

---

खटखट | १२ जानेवारी, रात्री ९:०२

इचलकरंजीहून. आमच्या घरात तीन पिढ्या माग. आमची तपासणी कोण करणार, माग घराच्या सोप्यातच, कारखाना म्हणून कुठे नोंदच नाही. आमच्याकडे सगळे ओरडून बोलतात, नवीन सून आली की तिला वाटतं भांडण चाललंय. वडलांना पंच्याहत्तरीत कानाचं मशीन लावलं. डॉक्टरनं आलेख दाखवला, चार हजार हर्ट्झपाशी खड्डा. म्हणाले वयानं जातो त्या कानाचा आलेख असा नसतो, हा खटक्यांचा खड्डा आहे. वडील म्हणाले, माझा एकट्याचा नाही, गल्लीचा काढा.

---

राइनकाठची_रमा | १३ जानेवारी, पहाटे १:४०

जर्मनीत एका धातूच्या कारखान्यात अभियंता आहे. मूळची साताऱ्याची. इथे कसं चालतं ते सांगते, तुलना म्हणून. इथेही सगळं गोड नाही.

इथे कामाच्या धोक्यानुसार तपासणीचे तीन प्रकार आहेत: काही सक्तीच्या, काही मालकानं देऊ केल्याच पाहिजेत अशा, आणि काही कामगारानं मागितल्या तर. क्वार्ट्झच्या धुळीची मर्यादा ओलांडली जात असेल तर ती सक्तीत मोडते. मला नवीन असताना धक्का बसला तो पुढच्या गोष्टीनं. तपासणीनंतर डॉक्टर माझ्या कंपनीला निष्कर्ष सांगतच नाही. कंपनीला जातो एक छोटा दाखला: अमुक व्यक्ती, अमुक कारणासाठी, अमुक तारखेला आली होती, पुढची तारीख तमुक. बास. फुफ्फुस कसं आहे ते मला सांगतात, हवी तर प्रत मला. सक्ती आहे ती डॉक्टरसमोर जाऊन बसण्याची. रक्त काढू देणं न देणं माझ्या हातात.

'काम करायला लायक आहे का' ही तपासणी वेगळी आणि 'कामामुळे काही होतंय का' ही वेगळी, असं ते मानतात. दोन्ही एकाच टेबलावर उरकत नाहीत. बाप्यांचा आल्याचा तुकडा वाचला आणि हे लिहावंसं वाटलं. निष्कर्ष मालकाकडे जाणारच नसेल तर खोकला दाबायचं कारणच राहत नाही ना.

---

डॉ_खोकला | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

रमाताई, इथे अगदी उलटं. मालकाला सगळं कळतं, कामगाराला दाखलासुद्धा मिळत नाही.

---

मनुष्यबळ_मावशी | १३ जानेवारी, सकाळी १०:१५

पण मालकाला काहीच कळलं नाही तर तो त्या माणसाला धुळीतून हलवणार कसा? हे मला पटत नाही.

---

राइनकाठची_रमा | १३ जानेवारी, दुपारी ३:०५

प्रश्न रास्त आहे. डॉक्टरला वाटलं की संरक्षणाचे उपाय पुरे पडत नाहीत, तर तो मालकाला *ते* कळवतो, उपाय सुचवतो. एखाद्याला कामच बदलून द्यायला हवं असेल तर त्या माणसाच्या संमतीनंच मालकाला सांगतो. इथेही लोक कधी कधी संमती देत नाहीत, पगार कमी होईल म्हणून. भीती सगळीकडे सारखीच.

---

कुडाळदेशकर | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:२२

आमच्या कोकणात 'मेडिकल' म्हटलं की एकच, गल्फचं. माझा भाऊ दोनदा 'अनफिट' होऊन परत आला. का, तर एक्सरेत जुन्या टीबीचा डाग. लहानपणी होऊन गेलेला, पूर्ण बरा झालेला. तिकडे जाऊन तो पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणार होता. त्या धुराचं कुणी विचारलं नाही, जाताना नाही, आल्यावर नाही. बाजारात बैल घेताना दात बघतात तसली ती तपासणी. बैलाला काय होईल याची नाही, आपण फसत तर नाही ना याची.

---

वणीचा_वऱ्हाडी | १३ जानेवारी, रात्री ९:४५

आमच्या इकडं कोळसा खाणी. खाणीत भरतीच्या टायमाले मेडिकल आणि मंग दर पाच वर्सानं, फॉर्म 'ओ' म्हणतेत त्याले. कायमच्या मानसाची होते बराबर. ठेकेदाराच्या डंपरवाल्याची कशी होते हे मी सांगत नाही, समजून घ्या.

पण मले सांगाचं हे वेगळंच. २०१७चं यवतमाळ आठवते का? कपाशी त्या साली मानसाच्या डोक्याइतकी वाढली होती, खालून वर फवारा मारला का सारा अंगावर. वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती. कीटकनाशकाच्या १९७१च्या नियमात लिहून आहे का असं काम करणाऱ्या मानसाची कामावर घ्याच्या आधी तपासणी, मंग कारखान्यातल्याची दर तीन महिन्याले, आणि फॉस्फरसवालं औषध असलं तर रक्तातलं कोलिनेस्टरेज (या विषानं घसरते ते एन्झाइम) मोजाचं. कारखान्यात जो ते औषध डब्यात भरते त्याची तपासणी. जो पाठीवर पंप घेऊन ते हुंगते तो रोजंदारीवाला. त्याचा मालक कोन? तीन एकरवाला शेतकरी, तो सोताच त्याच्या मागं बादली घेऊन उभा. आता कोन कोनाची तपासणी करीन?

कोलिनेस्टरेजचं अजून एक. मानसामानसात ते कमीजास्त असते. फवारनीच्या आधीचा आकडा असन तरच मंगचा घसरला का ते समजते. ताईच्या बाबाच्या जुन्या एक्सऱ्यासारखंच झालं ना हे.

---

मुटके | १३ जानेवारी, रात्री १०:०१

धागा वाचनखुणांत टाकला. (आरटीआयवरून मला कोपरखळी मारणाऱ्यांनी निरीक्षक काकांचा प्रतिसाद पुन्हा वाचावा.)

---

पंचगंगाकाठ | १४ जानेवारी, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार, तिळगूळ घ्या. निरीक्षक काका, अर्ज काल रात्री लिहिला, आज पोस्टात. छातीच्या डॉक्टरांना कलम ८९चं सांगितलं. ते म्हणाले, "मला खरंच ठाऊक नव्हतं," आणि तिथल्या तिथे लेटरहेड काढलं. काही कळलं की इथेच लिहिते.

---

पंचगंगाकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री ११:१०

धागा वर काढतेय.

पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला फोन आला, "जुनं रेकॉर्ड पावसात भिजलं." संचालनालयाकडे प्रत गेल्याचं सांगितल्यावर आठ दिवसांनी बोलावलं. मी आणि बाबा गेलो. वॉचमन जुना, बाबांना बघून उठून उभा राहिला. ऑफिसातल्या मुलानं पिवळं पाकीट दिलं आणि पोच घेतली.

चव्वेचाळीस नाहीत. सत्तावीस कागद आहेत. त्यांतले तेवीस एकाच छापाचे फॉर्म, एकाच शाईत, एकाच उताराच्या अक्षरात. छाती: 'एन.ए.डी.', म्हणजे काही आढळलं नाही. डोळे, कान, त्वचा, सगळीकडे तेच. एक्सरेची एकही फिल्म नाही.

दोन गोष्टी मात्र निघाल्या.

एक, फुंकायच्या मशीनच्या दोन चिठ्ठ्या, २००९ आणि २०१६. थर्मल कागद, अक्षरं जवळजवळ उडालेली. मोबाईलच्या उजेडात तिरकं धरून वाचली. २००९ ला एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरानं फुंकलेली एकूण हवा) ३.१ लिटर, २०१६ ला २.२. गेल्या महिन्यात आम्ही केली ती १.६. डॉक्टर म्हणाले, वयानं कमी होतं पण असं नाही. म्हणजे मशीनला कळलं होतं. २०१६च्या त्या चिठ्ठीला स्टेपल केलेल्या फॉर्मवर 'एन.ए.डी.' आणि 'फिट' लिहिलंय. त्यानंतर बाबा दोन वर्षं त्याच ग्राइंडरवर होते.

दुसरी, सप्टेंबर २०११चा एक फॉर्म. वजन, बीपी, छाती स्वच्छ, खाली बाबांची सही. त्या तारखेला बाबा टीबीसाठी दवाखान्यात भरती होते. डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत आहे, बालवाडीच्या प्रगतीपुस्तकाखाली. सही बाबांची नाही. बाबा 'म' असा काढत नाहीत.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ त्या सहीकडेच बघत होते. मग म्हणाले, "चांगली मारलीया." आणि थोड्या वेळानं विचारलं की शॉट ब्लास्टिंगला त्यांच्याबरोबर जे होते, गडमुडशिंगीचे, त्यांचे पण कागद असे मागता येतील का. ते काका आता अंथरुणालाच आहेत, टीबीचीच औषधं चालू आहेत.

---

भोसरीचा_बाप्या | २७ फेब्रुवारी, रात्री ११:२६

माझ्या जुन्या शॉपमध्ये आम्ही अकरा जण होतो. उद्या रविवार नाही, तरी फोन लावतो सगळ्यांना. काका, अर्जाचा मसुदा इथे टाका ना.

---

डॉ_खोकला | २८ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

थर्मल चिठ्ठ्यांचे आजच्या आज स्कॅन काढा, उन्हात ठेवू नका, प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका. गडमुडशिंगीच्या काकांचा एक्सरे मी बघतो, पैसे लागणार नाहीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

निवृत्त_निरीक्षक | २८ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

मसुदा दुपारपर्यंत टाकतो. त्या काकांना उठता येत नसेल तर अंगठा चालेल, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, त्यांतला एक घराबाहेरचा असावा.

ताई, २०११च्या त्या फॉर्मची आणि डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. माझ्या खात्यातल्या माणसाच्याही नाही. झेरॉक्स दाखवा, मूळ परत ट्रंकेत.

---